मुंबईच्या सागवानाची 'ट्रिंकोमाली': हार्टलपूल ते डंडी

ईशान्य इंग्लंडमधले हार्टलपूल हे गाव मराठी पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. लंडन, एडिंबरा आणि सरोवरांचा प्रदेश एवढ्यावर बहुतेकांची सहल आटोपते. आमच्या यादीत ते आले ते दादामुळे. दादा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता आणि निवृत्तीनंतर त्याला शिडांच्या जहाजांचे वेड लागले. भाचा न्यूकॅसलला शिकायला गेल्यावर दादाने पहिली गोष्ट शोधली ती ही, की तिथून तासाभराच्या अंतरावर १८१७ साली मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. तिकिटे, व्हिसा आणि सामानाचा पसारा यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सगळे सुरळीत पार पडले.

पहिला दिवस: न्यूकॅसलहून हार्टलपूल

न्यूकॅसलहून हार्टलपूलला जाणारी गाडी संडरलँड आणि सीहॅम अशी स्थानके घेत समुद्राच्या काठाकाठाने जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो, त्यामुळे जागा निवडायला मिळाली तर डावीकडची खिडकी धरावी. आम्ही ती धरलीही, पण सीहॅमच्या पुढे समुद्र दिसेनासा झाला. ऊन असतानाच पाण्यावरून धुक्याचा एक पडदा सरकत आला आणि डबाभर गारवा पसरला. या किनाऱ्यावरचे लोक या धुक्याला 'फ्रेट' म्हणतात. उन्हाळ्यात जमिनीवरची कोमट हवा उत्तर समुद्राच्या थंड पाण्यावर गेली की ते तयार होते आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येते. जून-जुलैत जाणाऱ्यांनीही एक जाड जाकीट हाताशी ठेवावे, ते याच कारणाने.

स्थानकावरून गोदीपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटे लागतात. एरवी ट्रिंकोमालीच्या तीन डोलकाठ्या दुरूनच दिसतात म्हणे. त्या संध्याकाळी मात्र गोदीच्या काठावर उभे राहूनही जहाजाचा खालचा काळा-पांढरा पट्टाच काय तो दिसत होता. दादा थोडा हिरमुसला. भाचा म्हणाला, "आत्या, बाबांना आधी जेवायला घेऊन चल, उद्या धुकं हटेल."

जेवणाबद्दल दोन शब्द, कारण शाकाहारी मंडळींना इथे सांभाळून राहावे लागते. या भागातला लोकप्रिय पदार्थ 'पार्मो'. कोंबडीचे मांस ठोकून पातळ करतात, ब्रेडचा चुरा लावून तळतात आणि वर पांढरा सॉस व चीज घालून भाजतात. एक थाळी दोघांना पुरते. मासे-चिप्सच्या दुकानांत चिप्स अनेकदा गाईच्या चरबीत तळलेल्या असतात, तेव्हा केवळ बटाटा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, विचारूनच घ्यावे. मला आवडले ते 'पीज पुडिंग': पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून घोटलेली, आपल्या गोळा वरणासारखी, इकडच्या चपट्या गोल पावात भरलेली. पुष्कळदा ती हॅमच्या पाण्यात शिजवतात, म्हणून तेही विचारावे. शिडांच्या काळातल्या खलाशांच्या शिध्यात सुकवलेला वाटाणा ठरलेला असे, हे दादाने खाता खाता सांगितले, आणि मग त्याची गाडी जी सुरू झाली ती हॉटेलच्या खोलीत झोपेपर्यंत थांबली नाही.

त्याने सांगितलेला जहाजाच्या जन्माचा भाग इथेच देते, म्हणजे दुसऱ्या दिवशी काय पाहिले ते नीट कळेल.

नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे ब्रिटनमध्ये जहाजाजोग्या ओकचा तुटवडा पडला होता आणि मुंबईत मलबारचे सागवान व ते घडवणारे हात, दोन्ही होते. सुरतेहून १७३६ साली मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीतले मुख्य मिस्त्रीपण पिढ्यान्‌पिढ्या होते. १८१० साली त्यांनी 'मिंडन' ही ७४ तोफांची मोठी युद्धनौका ब्रिटिश नौदलाला बांधून दिली, आणि त्यानंतर मुंबईकडे मागण्या येतच राहिल्या. ऑक्टोबर १८१२मध्ये ट्रिंकोमालीची मागणी नोंदवली गेली. तिचा आराखडा 'लेडा' वर्गाच्या फ्रिगेटचा, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेचा होता, आणि तो मुळात इंग्रजांनी १७८२ साली पकडलेल्या 'एबे' नावाच्या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. हे नकाशे घेऊन निघालेली 'जावा' ही नौका २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने झुंजीत हरवली आणि नकाशे गेले. दुसरा संच पाठवावा लागला. त्याच जावावर मुंबईत मोठ्या पदावर रुजू होण्यासाठी निघालेला सर थॉमस हिस्लॉप होता. अमेरिकनांनी त्याला शब्दावर सोडले. पुढे डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा इंग्रज सेनापती तो हाच. शाळेच्या इतिहासात भेटलेला माणूस ब्राझीलच्या समुद्रात असा अचानक समोर येईल, असे मला वाटले नव्हते.

नकाशे बुडाले, वेळ गेला, आणि एप्रिल १८१६मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ट्रिंकोमालीचा कणा बसवला गेला तेव्हा वॉटर्लूची लढाई होऊन दहा महिने झाले होते. ज्या युद्धासाठी ती मागवली होती ते संपले होते. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तो ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. ती मुंबई सोडून निघाली ऑक्टोबर १८१८मध्ये, म्हणजे मुंबईच्या गोदीत तिची साधनसामग्री भरली जात होती त्या वर्षभरात घाटावर पेशवाई संपली. जहाजाच्या माहितीपत्रकात हे नसते, असण्याचे कारणही नाही, पण आपण तारखा वाचतो तेव्हा त्या शेजारी शेजारी बसतातच.

दुसरा दिवस: जहाजावर

सकाळी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि डोलकाठ्या खरोखरच स्थानकाच्या रस्त्यावरून दिसल्या. गोदीभोवती शिडांच्या काळातले एक बंदर उभे केले आहे. त्यात दुकाने आहेत, बंदूक बनवणाऱ्याची खोली आहे, नकाशे विकणाऱ्याचे घर आहे. मुले बरोबर असतील तर त्यांचा अर्धा दिवस तिथेच जाईल. आम्ही सरळ जहाजाच्या फळीवर चढलो. तिकिटे ऑनलाइन आधी काढलेली बरी. त्याच तिकिटावर पुन्हा येता येते का, हेही विचारून घ्यावे.

जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या माणसाचा अर्धपुतळा आहे. मुंबईत बांधलेले, सिलोनमधल्या बंदराचे नाव दिलेले आणि इंग्रजांच्या नौदलाचे असे हे जहाज, तेव्हा फेटा नेमका कोणत्या गावचा असे विचारण्यात अर्थ नाही. लंडनला पूर्वेकडचा माणूस जसा दिसत होता तसा तो आहे. दादाने मात्र त्याला हात जोडले.

वरच्या डेकवर पहिली जाणीव होते ती दोरांची. तीन डोलकाठ्या, त्यांवर आडव्या बांधलेल्या परबाणांच्या रांगा, आणि त्या सगळ्यांना वर-खाली, मागे-पुढे ओढणारे शेकडो दोर. प्रत्येक दोराला ठरलेली खुंटी, आणि ती अंधारात, पावसात, जहाज कलंडलेले असताना हाताला सापडली पाहिजे. दादाने आयुष्यभर डिझेलचे इंजिन सांभाळले. "आमच्याकडे वेग वाढवायचा तर एक दट्ट्या पुढे करायचा," तो म्हणाला, "इथे त्यासाठी शंभर माणसं वर चढवायची." जहाजावर त्या काळी सुमारे २४० माणसे असत आणि त्यांतल्या बहुतेकांचा दिवस वारा सांभाळण्यात जाई, लढण्यात नव्हे.

तोफांच्या डेकवर एक स्वयंसेवक आजोबा भेटले. त्यांचे वडील गावातल्याच जहाजबांधणी कारखान्यात होते, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो धंदा गावातून उठला तेव्हा आजोबा शाळेत होते. आम्ही मुंबईहून आलो हे ऐकल्यावर त्यांनी इतरांना मोकळे केले आणि आम्हाला बाजूला घेऊन फळ्या दाखवायला सुरुवात केली. जुनी फळी आणि दुरुस्तीत बसवलेली नवी फळी कशी ओळखायची, याचे त्यांनी शिक्षणच दिले. जुन्या फळीवर बुजवलेल्या भोकांचे ठिपके असतात, कडा झिजून गोलसर झालेल्या असतात आणि रंगाच्या थरांखालीही तिचा तेलकटपणा हाताला लागतो. वरच्या भागात बरेच लाकूड नवे आहे, पण पाण्याखालचा सांगाडा आणि तळाकडचा मोठा भाग मुंबईच्याच सागवानाचा आहे. ओकमध्ये आम्ल असते, त्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही कुजते. सागवानातल्या तेलामुळे खिळा टिकतो, किडाही सहसा लागत नाही. त्या काळी जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकत असत, तरी आतले लाकूडच कमकुवत असले तर तो पत्रा काय करणार? आजोबांनी हे सगळे अभिमानाने सांगितले. ते लाकूड जणू त्यांच्याच परसातले होते.

मलबारच्या जंगलांतून तोडलेले ओंडके नद्यांतून समुद्रापर्यंत आणि तिथून मुंबईला येत. ते तासणाऱ्या, वाकवणाऱ्या, फळ्यांच्या फटींत दोर ठोकून डांबर भरणाऱ्या सुतारांची आणि मजुरांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. वाडियांचे नाव आहे, आणि ते असायलाच हवे. पण दीडशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद असे हे धूड एका घराण्याने उचललेले नाही. खर्च सुमारे २३,६०० पौंड आला होता. त्यातला मजुरीचा वाटा किती होता, हे कळले असते तर मला तोफांच्या वजनापेक्षा त्यात अधिक रस वाटला असता.

तोफांचा हिशेब दादासाठी. लेडा वर्गाची फ्रिगेट कागदावर ३८ तोफांची, प्रत्यक्षात मात्र ४६ तोफा मावत: मुख्य डेकवर १८ पौंडी गोळ्यांच्या २८, आणि मागच्या-पुढच्या उंच डेकवर हलक्या तोफा व आखूड कॅरोनेड मिळून १८. या पूर्ण शस्त्रसज्जतेनिशी ट्रिंकोमाली लढायला गेलीच नाही. ऑक्टोबर १८१८मध्ये मुंबईहून निघाल्यावर ती सिलोन आणि मॉरिशस करत २४ जानेवारी १८१९ रोजी सेंट हेलेनाला पोहोचली. नेपोलियन तेव्हा त्याच बेटावर कैदेत होता. त्याला तपासून आलेला जॉन स्टोको नावाचा नौदलाचा डॉक्टर गव्हर्नराच्या नजरेतून उतरला होता, तो याच जहाजातून इंग्लंडला परतला. पुढे त्याच्यावर लष्करी खटला होऊन त्याला नौदलातून काढले. ज्याच्याशी लढायला जहाज मागवले त्याच्या जवळात जवळ ते आले, ते एवढेच.

३० एप्रिल १८१९ रोजी ती पोर्ट्समथला पोहोचली आणि तिथे तिच्या डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून तिला बांधून ठेवले. नौदलाला शांततेच्या काळात एवढ्या जहाजांचे काय करावे हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर असे छप्पर घालून बांधून ठेवणे हेच असे. पंचवीसहून अधिक वर्षे ती तिथे राहिली. १८४५ साली तिच्या मागच्या भागाचा आकार बदलून, तोफांची संख्या २६ वर आणून, पण मोठ्या तोफा बसवून तिला कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून खालच्या दर्जाची युद्धनौका केले गेले. १८४७ साली, म्हणजे मुंबईत पाण्यात उतरल्यानंतर ३० वर्षांनी, तिला पहिली खरी नेमणूक मिळाली. तोवर जगभर वाफेची जहाजे धावू लागली होती. सरकारी नोकरीत पहिलीच बदली निवृत्तीच्या वयात मिळावी, तसा हा प्रकार, असे म्हणून दादा स्वतःशीच हसला.

त्यानंतरची दहा वर्षे ही तिची सगळी कारकीर्द. कॅप्टन रिचर्ड लेयर्ड वॉरेनच्या हाताखाली १८५०पर्यंत ती वेस्ट इंडीज आणि उत्तर अमेरिकेच्या पाण्यात होती. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर पाळत ठेवणे, हैतीतल्या दंगलींच्या वेळी उपस्थिती दाखवणे, न्यूफाउंडलँडच्या मासेमारीवर लक्ष ठेवणे अशी तिची कामे होती. १८५२ साली कॅप्टन वॉलेस ह्यूस्टनबरोबर ती पॅसिफिकमध्ये गेली आणि उत्तरेला बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत पोहोचली. क्रिमियन युद्ध त्याच काळात झाले, पण १८५५ साली ब्रिटिश-फ्रेंच ताफा रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेट्रोपाव्लोव्हस्कला पोहोचला तेव्हा रशियन लोक ते गाव रिकामे करून गेले होते.

खालच्या डेकवर उतरताना हे सगळे फलकांवर वाचत गेले तर कोणालाही वाटेल की हे एक निरुपद्रवी, सुदैवी जहाज होते. तसे ते नव्हते. १८५६ साली व्हँकूव्हर बेटाचा गव्हर्नर जेम्स डग्लस याने कौविचन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात जी मोहीम नेली तीत ट्रिंकोमालीवरच्या नौसैनिकांची मोठी तुकडी होती. एका गोऱ्या वसाहतकऱ्यावर गोळी झाडल्याचा आरोप असलेल्या कौविचन तरुणाला तिथल्या तिथे खटला चालवून त्याच्याच लोकांसमोर फाशी दिले गेले. एकही तोफ न झाडता युद्धनौका काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे. कॅनडाच्या नकाशात आजही त्या बेटांमध्ये ट्रिंकोमाली नावाची खाडी आणि कॅप्टन ह्यूस्टनच्या नावाचा जलमार्ग आहे. मुंबईच्या गोदीचा अभिमान बाळगताना ही गोष्टही त्याच फळ्यांवर घडली, हे मी तरी विसरू शकले नाही.

खालचा डेक खलाशांचा. नियमाप्रमाणे एका झोळीला चौदा इंच रुंदी मिळत असे. अर्धी माणसे पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट जागा मिळे, तरी ती एका हातभर रुंद पाटाहून फार मोठी नाही. जेवणाची फळी दोन तोफांच्या मधोमध किंवा इथे खाली दोरांनी टांगलेली. उंच माणसांनी डोके सांभाळावे. जिने जवळजवळ उभे आहेत, पायांत रबरी तळव्यांचे सपाट बूट हवेत, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या दोन डेकवर समाधान मानावे. शेवटच्या डेकवर मी गेले, दादा गेला नाही. तिथे पिपे ठेवण्याची जागा आहे, प्रकाश फारसा नाही, आणि हाताला लागते ते लाकूड मुंबईहून निघाले तेच.

तिसरा दिवस: हेडलँड आणि उत्तरेचा प्रवास

सकाळी आम्ही जुन्या हार्टलपूलच्या भूशिरावर, हेडलँडवर, चालत फिरलो. गावाची एक दंतकथा प्रसिद्ध आहे. नेपोलियनच्या काळात एक फ्रेंच जहाज इथे बुडाले आणि त्यातून एक माकड तेवढे वाचले. कोळ्यांनी आयुष्यात फ्रेंच माणूस पाहिला नव्हता, म्हणून त्याला हेर समजून फाशी दिले. शेजारच्या गावांनी चिडवायला वापरलेली ही गोष्ट आता गावाने स्वतःच अंगावर मिरवायला घेतली आहे. भूशिरावरची तोफांची ठाणी मात्र दंतकथेतली नाहीत. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या आणि शंभराहून अधिक माणसे मारली गेली.

ट्रिंकोमालीचे या गावाशी नाते जुने आहे, आणि हे मला आधी ठाऊक नव्हते. १८५७ साली पॅसिफिकहून परतल्यावर तिची समुद्रातली नोकरी संपली. १८६२पासून १८७७पर्यंत ती इथेच, वेस्ट हार्टलपूलला, नौदलाच्या राखीव दलाची कवायतीची नौका म्हणून उभी होती. तिथून साउदॅम्प्टन, आणि १८९७ साली भंगारात विक्री. त्याच वर्षी व्हीटली कॉब या गृहस्थाचे 'फुद्रॉयां' हे नेल्सनच्या काळातले जुने जहाज ब्लॅकपूलला वादळात किनाऱ्यावर आपटून फुटले होते. त्या जागी त्याने ट्रिंकोमाली भंगारवाल्याकडून विकत घेतली, तिला फुद्रॉयां हेच नाव दिले आणि मुलांना समुद्राचे शिक्षण देण्यासाठी वापरली. फाल्मथ, मिलफर्ड हेवन, पोर्ट्समथ अशी ठिकाणे बदलत ती १९८६पर्यंत तरंगती शाळा राहिली. पोर्ट्समथला तिच्या शेजारी 'इम्प्लॅकेबल' हे ट्रॅफल्गरला लढलेले मूळचे फ्रेंच जहाज होते. ते १९४९ साली खर्च परवडेना म्हणून समुद्रात नेऊन बुडवले गेले. मुंबईतच १८१५ साली बांधलेली 'वेलस्ली' १९४० साली जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात गेली. ट्रिंकोमाली वाचली, कारण कोणाला तिची फारशी गरज नव्हती आणि तिचे लाकूड कुजायला तयार नव्हते. १९८७ साली तिला तरंगत्या तराफ्यावर चढवून पुन्हा हार्टलपूलला आणले. लोखंडी काळातली 'वॉरियर' ही युद्धनौका इथल्या कारागिरांनी नुकतीच दुरुस्त करून दिली होती, त्यामुळे हात तयार होते. ट्रिंकोमालीचे काम २००१पर्यंत चालले आणि मध्येच १९९२ साली तिचे मूळ नाव तिला परत मिळाले.

दुपारी आम्ही न्यूकॅसलमार्गे डंडीची गाडी धरली. एडिंबऱ्याच्या पुढे गाडी फोर्थच्या पोलादी पुलावरून आणि शेवटी टे नदीच्या लांबलचक पुलावरून जाते. टेच्या पाण्यात जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे अजून दिसतात. तो २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट कोसळला होता. दादाने हे पुलाच्या बरोबर मध्यावर सांगितले.

चौथा दिवस: धाकटी बहीण

डंडीला जाण्याचे कारण 'युनिकॉर्न'. तीही लेडा वर्गाचीच फ्रिगेट, ४६ तोफांची, फक्त ओकची आणि इंग्लंडमधल्या चॅटमला बांधलेली. ती १८२४ साली पाण्यात उतरली आणि तिच्यावर लगेच छप्पर चढवले. तिला डोलकाठ्या कधी बसल्याच नाहीत. काही वर्षे दारूगोळ्याचे कोठार, मग १८७३पासून डंडीला राखीव दलाची कवायतशाळा, एवढेच तिचे आयुष्य. दुसऱ्या महायुद्धात तर तिचे नावही काढून एका विमानवाहू जहाजाला दिले आणि हिला 'क्रेसी' म्हटले. नाव गमावण्याच्या बाबतीत दोघी बहिणी सारख्या.

आत शिरल्यावर मी थोडी गोंधळले. छपरामुळे वरचा डेक एखाद्या मोठ्या कौलारू वाड्याच्या माडीसारखा दिसतो, आणि दोर, परबाण, शिडे यांचे नावही नाही. पण दादा खूश होता. कारण इथे काहीच फारसे बदललेले नाही. सुतारांच्या हत्यारांच्या खुणा तुळयांवर जशाच्या तशा आहेत. शिवाय इथे लाकडी कोनांऐवजी लोखंडी कंस वापरलेले दिसतात. लढाया संपल्या तरी लाकडाचा तुटवडा संपला नव्हता आणि जहाजबांधणी लोखंडाकडे झुकू लागली होती. ट्रिंकोमालीत काय बदलले आणि मुळात ते कसे असेल, हे इथे कळते. ट्रिंकोमालीवर मात्र कळते ते असे जहाज चालत कसे असेल. एका तरुण स्वयंसेविकेने विचारले की ओक आणि सागवान यांतला फरक आम्हाला जाणवतो का. दादाने दोन्ही जहाजांच्या फळ्यांवर हात ठेवला होता, त्याने लगेच उत्तर दिले: ओक कोरडा लागतो, सागवान ओशट. तिने ते वहीत टिपून घेतले.

दुपारी गोदीजवळच्या उपाहारगृहात मी माशाचे दाट दुधाळ सूप घेतले, कलन स्किंक त्याचे नाव. धुरावलेला हॅडॉक, बटाटा आणि कांदा. वाऱ्यात भिजून आल्यावर ते फारच बरे वाटते. शाकाहारी भाच्याला भाजलेल्या बटाट्यावर भागवावे लागले.

डंडीत 'डिस्कव्हरी' हे दक्षिण ध्रुवाकडे गेलेले जहाजही आहे, आणि बंगालच्या तागावर उभ्या राहिलेल्या गिरण्यांचे संग्रहालय आहे. त्या दोन्हींसाठी आणखी एक दिवस हवा. आम्हाला तो नव्हता.

जाणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना क्रमाबद्दल. आधी हार्टलपूल, मग डंडी, असेच करावे. ट्रिंकोमाली आधी पाहिली नसेल तर युनिकॉर्न नुसती एक मोठी अंधारी वखार वाटण्याची शक्यता आहे. मुंबईतल्या मंडळींना उलट प्रश्न पडेल की ज्या गोदीत हे सगळे सुरू झाले ती कुठे पाहायची. फोर्टातली जुनी बॉम्बे गोदी, जिचा पहिला भाग १७५० साली बांधला, आजही आहे आणि वापरातही आहे, पण ती नौदलाच्या आवारात असल्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. रस्त्यावरून दिसतात ते लायन गेटचे सिंह आणि भिंत. त्या भिंतीशेजारून आम्ही दोघे शेकडो वेळा बसने गेलो आहोत. परतल्यावर दादाने नौदलाकडे रीतसर अर्ज केला आहे, उत्तर यायचे आहे.